कापराचं मलम

५ मार्च, राखेचा बुधवार

या उपवासकाळात मी चहाड्या सोडल्यात. फादरसमोर बोलून बसले, आता मागे फिरता येत नाही. ओनोफ्रे म्हणाला, मग ईस्टरपर्यंत तू बोलणार तरी काय? नवरा आहे म्हणून सोडला. पण खरंच पोटात काही राहत नाही, म्हणून ही वही. कागदाला सांगितलं तर ती चहाडी नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. माझं नाव त्रांकिलीना, म्हणजे शांत. आईबापांना तरी काय ठाऊक होतं!

लिहायला आहे काय, तर सेल्सा. माझी एकुलती एक. सत्तावीस वर्षांची घोडी झालीय. शाळेत असल्यापासून तिला फिट येतात, पण गोळ्या लागू पडल्या आणि मधली कितीतरी वर्षं निवांत गेली. जवळच्या एस्पान्योला शहरातल्या वाचनालयात नोकरी लागली, तिनं स्वतःच्या पैशानं जुनी गाडी घेतली. जानेवारीत ताप आला आणि तापात फिट. झालं. आता सलग सहा महिने फिट आली नाही तरच गाडी चालवायची. तिनं स्वतःच किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. रोज सकाळी बाप तिला कामावर सोडतो आणि ती जाता-येता त्या खिळ्याकडे बघते. मला बघवत नाही.

जानेवारीत तिला शुद्धीवर मी आणली. आमच्याकडे कुणाला फिट आली की कपाळाला, कानशिलांना, नाकाखाली कापूर चोळतात. माझी आई चोळायची, मी चोळते. त्यात माझं मलम साधंसुधं नाही. कापूर, निलगिरीचं तेल, रोझमेरीचं तेल, डोंगरात उगवणाऱ्या ओशा नावाच्या झुडपाचं मूळ, मेण. चोळत राहिले आणि पोरीनं डोळे उघडले. फिदेला, सेल्साची धर्ममाता, तिथंच उभी होती. तेव्हापासून ती माझ्या मागे लागलीय की चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी बाजार भरतो, तिथं हे मलम मांड. मी म्हटलं, बघू. पण मनातून मांडायचंच आहे.

९ मार्च, रविवार

पहिला घाणा काढला. बाहेर बर्फ, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मेण वितळलं, कापूर पडला आणि सगळं घर असं घमघमलं की काय सांगू! सेल्सा दिवसभर माझ्याजवळ बसून डब्या पुसत होती, झाकणं लावत होती. दोघींच्या डोळ्यांतून पाणी. मायलेकी किती दिवसांनी अशा मिळून बसलो. ओनोफ्रे आत आला, खोकला आणि बाहेर गेला. म्हणे, घरात श्वास घेववत नाही. मी म्हटलं, मग नको घेऊस.

१० मार्च

सकाळी सेल्साला फिट आली. न्हाणीघरासमोर पडली, कोपर फुटलं. मी धावत जाऊन कालचंच मलम आणलं आणि चोळलं. आली शुद्धीवर.

किल्लीचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. तिनं कोपराला पट्टी बांधली. तिला म्हटलं, रात्र-रात्र पुस्तकं वाचतेस, म्हणून होतं हे. नशीब, मलम ताजं होतं.

१५ मार्च, शनिवार

एकही डबी उरली नाही! एकही! गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या, पाठ धरलेले बाप्ये, सगळे माझ्या टेबलापाशी. हवालदाराची आई म्हणाली, त्रांकिलीना, तुझ्या हाताला गुण आहे. तीस वर्षं चर्चमध्ये भांडी घासली तेव्हा नाही कुणाला माझा हात दिसला. येताना गाडीत मी गाणं म्हटलं. ओनोफ्रेनं रेडिओ बंद केला माझ्यासाठी.

फिदेलाच्या वांगी रंगाच्या टोपीबद्दल इथं लिहिणार होते, पण ते चहाडीत मोडेल.

२० मार्च

एस्पान्योलाला डॉक्टरकडे. पोरसवदा डॉक्टरीण आहे, केस मुलग्यासारखे. सेल्साची झोप, जेवण, पाळी सगळं विचारलं. गोळ्या वेळेवर घेतेस का? घेते. एकही चुकवत नाहीस? नाही. आणखी कुठली औषधं? नाही, म्हणाली. खोटं काय त्यात? दुसरं एकही औषध ती घेत नाही. डॉक्टरीण म्हणाली, इथं काहीतरी छान वास येतोय. मी म्हटलं, माझं मलम, तुम्हाला पुढच्या वेळी डबी आणते. ती हसली. गोळ्या वाढवून दिल्या.

वाटेत सेल्सा झोपून गेली. या गोळ्यांनी तिला पेंग येते. तिची ती दशा बघून मला वाटलं, गोळ्या कमी आणि मलम जास्त हेच बरं. बोलले नाही मात्र. गोळ्यांच्या बाबतीत सेल्सा माझं ऐकत नाही, हात पुढे करून थांबवते.

२३ मार्च, रविवार

आज मोठं पातेलं चढवलं होतं, सणाला मक्याचं नि मांसाचं पोसोले शिजवते ते. मागणीच तेवढी आहे. दुपारी सेल्सा डब्या भरता-भरता एकदम गप्प झाली आणि खुर्चीवरून घसरली. मी लगेच मलम घेतलं. कानशिलं, छाती, तळपाय, नाकाखाली, कुठं ठेवलं नाही. जरा थांबली असं वाटलं आणि पुन्हा सुरू. एकामागून एक असं कधी झालं नव्हतं. ओठ निळे. मी आणखी चोळलं, देवाचं नाव घेत चोळलं. मला वाटलं, गेली माझी पोर.

ओनोफ्रेनं रुग्णवाहिकेला फोन केला आणि मला बाजूला सारून तिला उचललं. बाहेर व्हरांड्यात नेऊन गोधडीवर एका कुशीवर निजवली. एवढ्या थंडीत! ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत बसला. मी ओरडत होते, अरे, मलम पुसतोयस तू! ऐकतो कोण. रुग्णवाहिका आली तोवर ती थांबली होती. इस्पितळात एक रात्र ठेवून घेणार आहेत. तो तिच्याजवळ आहे. मी घरी एकटी, पातेल्यातलं सगळं थिजलंय.

२८ मार्च

सेल्सा घरी आहे, बरी आहे. ओनोफ्रेला मात्र काय झालंय कळत नाही. त्यानं माझी मोठी बरणी फोडली. म्हणे, हातातून निसटली. हा माणूस गावचा पाटकरी, वसंतात पाट साफ करताना खांद्यावरून ओंडके उचलतो, त्याच्या हातून बरणी निसटते! दुसऱ्या दिवशी गॅसची टाकी संपली म्हणाला. मी हलवून पाहिली, चांगली जड होती. मोठं पातेलं गोठ्यात सापडलं, त्यात त्यानं बियाण्याची मिरची ठेवलेली. घरभर खिडक्या उघड्या टाकतो, आम्ही शाली पांघरून जेवतो. म्हातारपण लागलं त्याला, दुसरं काय.

फिदेलाला सांगितलं असतं तर जीव हलका झाला असता. अजून ईस्टर लांब आहे.

२ एप्रिल

सेल्सा चालली. आल्बुकर्कीला, आत्याकडे, सोरायदाकडे. तिथं मोठं इस्पितळ घराजवळ आहे, वाचनालयानं रजा दिलीय. मी म्हटलं, आजारी लेक आईपासून लांब जाते हे कुठं पाहिलंय? ती म्हणाली, "आई, मला या घरात भीती वाटायला लागलीय." या घरात! जिथं जन्मली त्या घरात!

मी तिची बॅग भरली. मोठी डबी मलम, वर चिठ्ठी लावली की रोज झोपताना छातीला. जाताना कपाळावर क्रूस काढला. ओनोफ्रे सोडायला गेला.

आज संध्याकाळी गाडी झाडताना तीच डबी सीटखाली सापडली. बॅगेतून पडली म्हणे. झाकणही न उघडलेली, चिठ्ठीसकट. मी दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाहीये.

१२ एप्रिल

रोज फोन येतो. सेल्सा ठीक. फिट नाही. चालायला जाते, आत्याला पुस्तक वाचून दाखवते, आवाजही मोकळा वाटतो.

मला आनंद व्हायला हवा आणि होतोही. पण खरं सांगायचं तर दुखलंय. माझ्या हातचं खाऊन, माझ्या डोळ्यासमोर राहून तिला फिट, आणि सोरायदाच्या डबाबंद बीन्सवर ती ठणठणीत! घरात काही दोष आहे का? विहिरीच्या पाण्यात? पाणी तपासून आणायला ओनोफ्रेला सांगितलं. तो पाण्याला काही झालं नाही म्हणाला आणि माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, बोल ना काय बोलायचं ते. तर उठून पाटावर गेला. गावभर पाणी वाटतो, घरात एक शब्द वाटत नाही.

१८ एप्रिल, पवित्र शुक्रवार

चिमायोच्या चर्चला पायी जाणारे यात्रेकरू पहाटेपासून रस्त्यावर. मी नि फिदेलानं वळणावर बाकडं टाकलं होतं. पायाला फोड आलेले, पोटऱ्या धरलेले, एकेकाचे पाय मांडीवर घेऊन मी मलम चोळलं. फुकट. आज विकायचं नसतं. एक धिप्पाड गडी अक्षरशः रडला. म्हणाला, आईची आठवण झाली. माझे हात, बाही, शाल सगळं कापरानं माखलंय, धुतलं तरी जात नाही. मनात एकच मागितलं, माझी पोर घरी येऊ दे.

२१ एप्रिल, सोमवार, आल्बुकर्की

काल ईस्टर. आज घरी परतायचं होतं, अजून इथंच आहोत.

काल सकाळी आम्ही आलो. सेल्सा दारात उभी. गाल भरलेत, डोळ्यांत ती पेंग नाही. फक्त सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. मी म्हटलं, आता आई आलीय, बघ कशी मोकळी करते. सोरायदाचं घर म्हणजे काडेपेटी. खिडकी लावली, पातेल्यात उकळतं पाणी, त्यात चांगलं बोटभर मलम, डोक्यावर टॉवेल. वर छातीला नि पाठीला चोळलं. सेल्सा म्हणाली, नको ना. मी म्हटलं, आईच्या हाताला नको म्हणतात? मग बसली बिचारी टॉवेलखाली. ओनोफ्रे तेव्हा खाली गाडीतून कोकराच्या मांसाचं भांडं आणत होता.

तो वर आला तेव्हा ती जमिनीवर होती.

मी डबीकडे वळले तर त्यानं माझं मनगट धरलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, असं कधी धरलं नव्हतं.

"लीना, थांब. ते लावू नकोस तिला."

"सोड. पोर मरेल!"

"तू हे लावतेस आणि तिला परत येते. व्हरांड्यात नेली, पुसली, तेव्हा थांबली. इथं आल्यापासून एकदाही नाही. तू आलीस नि आली."

सोरायदानं खिडकी उघडली. त्यानं सेल्साला कुशीवर वळवलं आणि ओल्या टॉवेलनं छाती पुसायला लागला. मी भिंतीला टेकून उभी. थांबली फिट. सेल्सा झोपली. मग मी त्याला विचारलं की एवढं कळत होतं तर तोंड शिवलं होतंस का.

त्यानं टॉवेल पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "शनिवारी बाजारातून येताना तू गाणं म्हणायचीस."

मला त्याचा इतका राग आलाय की हा कागद फाटेल. पोरीचा जीव जात होता आणि हा माझं गाणं ऐकत होता! आणि त्याच्यावर रागावले नाही तर मला कुणावर रागवावं लागेल तेही कळतंय. आज लिहवत नाही.

२५ एप्रिल

एस्पान्योलाची डॉक्टरीण. मी डबी तिच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, कबूल केली होती ती. पण आधी सांगा, यात काय वाईट आहे ते.

काय-काय घातलंय ते तिनं विचारलं आणि मी सांगत गेले तशी ती खुर्चीत सरळ बसली. म्हणाली, कापूर, निलगिरी, रोझमेरीचं तेल, तिन्हीमुळे फिटचा त्रास असलेल्याला फिट येऊ शकते. पोटात गेलं तर सगळ्यात वाईट, पण कातडीतून नि नाकातूनही शरीरात जातं. बंद खोलीत उकळलं तर जास्तच. छातीठोक नाही सांगता येणार की प्रत्येक फिट त्यानंच आली, ताप होता, झोप कमी होती, पण हे आजपासून घरात नको.

मी म्हटलं, मग आधी का नाही विचारलंत? ती म्हणाली, विचारलं होतं, आणखी कुठली औषधं घेता म्हणून. मी म्हटलं, अहो, मलम काय औषध आहे? ते तर घरचं. औषध तुम्ही देता ते.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "चूक माझी. यापुढे विचारेन की काय पिता, काय चोळता, कसला वास घेता."

मग मी माझ्या फळीवरचं सगळं विचारून घेतलं. कामोमाईलचा काढा? कधीमधी साधा कपभर चालेल, पण रोज घ्यायचा झाला तर आधी सांगा. एस्ताफियाते, पोटदुखीचा कडू पाला? बंद. सेज? स्वयंपाकात चिमूटभर ठीक, तेल नको. उदास वाटतं तेव्हा घेतात ती पिवळ्या फुलांची वनस्पती? ती तर नकोच, गोळ्यांचा जोर कमी करते. ओशाचं मूळ? इथं ती अडली. म्हणाली, फिटच्या लोकांवर कुणी तपासून पाहिलेलं मला माहीत नाही, म्हणून चालेल असं मी म्हणणार नाही. त्या उत्तरानं माझा तिच्यावर विश्वास बसला. शेवटी तिनं बजावलं की काहीही झालं तरी गोळ्या आपल्या मनानं कमी करायच्या नाहीत. मी मान खाली घालून ऐकलं. मनात काय येऊन गेलं होतं ते तिला सांगितलं नाही.

३ मे, शनिवार

उरलेल्या डब्या घेऊन बाजारात गेले. फेकवत नव्हत्या आणि घरात ठेवायच्या नव्हत्या. प्रत्येक झाकणावर चिठ्ठी: फिट येणाऱ्याला लावू नका, लहान मुलांना लावू नका. शिवाय येईल त्याला विचारत होते, घरात कुणाला फिट येतात? हवालदाराच्या आईनं कपाळाला आठ्या घातल्या. एकीनं सांगितलं, नातवाला येतात, पण मला गुडघ्याला हवंय. मी म्हटलं, तो तुमच्याच कुशीत झोपतो ना? नाही देत. ती चिडून गेली.

फिदेला म्हणाली, "दुकान मांडलंयस की भीती विकायला बसलीस? आपल्या आज्या लावायच्या, त्यांना काय झालं?"

मी म्हटलं, "काय झालं ते कुणी लिहून ठेवलंय का?" त्यावर ती टोपी सारखी करत बसली.

विकलं फारसं गेलं नाही. उरलेलं ओनोफ्रे शहरातल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात देऊन आला. मी पाटात ओतू म्हणत होते, तर पाटकरी माझ्यावर गुरकावला. बाजारातून येताना गाणं म्हटलं नाही. त्यानं रेडिओ लावला नाही तरी.

१५ मे

आठवडाभर घर धुतलं. पडदे, गोधड्या, भिंती, ओट्यामागच्या फटी. माझी शाल तीनदा धुतली, शेवटी गोठ्यात टांगली. कपाटातल्या कापराच्या वड्या गेल्या, आता कसर लागली तर लागू दे.

सेल्सा आज आली. दारात उभी राहून हुंगलं. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी लांबच उभी होते, हात पाठीमागे. तीच पुढे आली. म्हणाली, मलाही मनातून वाटत होतं गं, पण तू आनंदात होतीस. हे एक खूळ बापाकडून घेतलंय तिनं. दोघांना बसवून सांगितलं, यापुढे मला दुखेल ते आधी सांगायचं.

२२ जून, रविवार

उपवासकाळ कधीच संपला, चहाड्या पुन्हा सुरू आहेत, त्यामुळे वहीकडे फिरकत नव्हते. आज काढली.

सकाळी आम्ही दोघी तोर्तिया लाटत होतो. सेल्सा मध्येच थांबली, तिचं बोट पिठात तसंच राहिलं. मी ओळखलं आणि ती पडायच्या आत तिला खाली घेतलं. ओनोफ्रे पाटावर. घरात मी एकटी.

माझा हात फळीकडे गेला. तिथं आता मिठाची बरणी आहे.

मग डॉक्टरणीनं सांगितलं होतं तसं केलं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल, खुर्ची लांब सारली. दाबून धरलं नाही, तोंडात काही घातलं नाही, घड्याळावर नजर ठेवली. नाकाखाली काही चोळलं नाही. नुसती बसून राहिले. काही न करता बसणं मला जन्मात जमलेलं नाही. हात मांडीखाली दाबून बसले.

थांबली. लवकर थांबली, आणि दुसरी आली नाही. तव्यावरची तोर्तिया जळून कोळसा झाली होती. सेल्सानं डोळे उघडले, थोडा वेळ मला ओळखलं नाही, मग ओळखलं. माझा हात ओढून गालाखाली घेतला.

"आई, तुझ्या हाताला पिठाचा वास येतोय," म्हणाली आणि झोपली.

किल्ली खिळ्यावरच आहे. सहा महिने पुन्हा आजपासून. उठल्यावर ती त्यावर रडली, आणि मी रडू दिलं. मी मात्र आधीच रडून घेतलं होतं, ती झोपलेली असताना, तिथंच जमिनीवर. मी काहीच लावलं नव्हतं आणि तिनं डोळे उघडले होते. जानेवारीतही ती अशीच आपली आपण उठली असती.